बाकावर कुणी नव्हतं

भार्गवी : नाही अक्का, आत सगळीकडे पाहिलं. टॉयलेट, औषधांचं काउंटर, चष्म्यांचं दुकान, दोन्ही मजले. अण्णा हॉस्पिटलमध्ये नाहीत.

वसुमती : नाहीत म्हणजे काय गं? एक्याऐंशी वर्षांचे वडील आहेत माझे. छत्री आहे का, कुठे राहिली म्हणायला?

भार्गवी : मी त्यांना बाकावर बसवलं होतं. सिस्टरांनी डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास थांबा म्हणाल्या. मग डॉक्टर पडदा तपासणार होते. मी परत आले तर बाकावर कुणी नव्हतं.

वसुमती : परत आलीस म्हणजे? तू कुठे गेली होतीस?

भार्गवी : पाणी आणायला. पाच मिनिटं.

वसुमती : पाणी त्यांच्या पिशवीत होतं. सकाळी मीच बाटली भरून दिली तुझ्या हातात.

भार्गवी : हो. ती संपली होती.

वसुमती : सरी, ठीक आहे. त्यांना फोन लाव.

भार्गवी : फोन माझ्या बॅगेत आहे. थेंब घालताना त्यांनी चष्मा आणि फोन माझ्याकडे दिला होता.

वसुमती : अय्यो देवा.

भार्गवी : गेटवरच्या वॉचमनने कॅमेरा दाखवला. अकरा वाजून चार मिनिटांनी ते बाहेर पडले. डावा हात भिंतीला लावून चालत होते. गेटबाहेर गेल्यावर मात्र कॅमेऱ्यात काही दिसत नाही.

वसुमती : आता किती वाजले? अकरा पस्तीस. अर्धा तास झाला. त्यांना दिसतंय का तरी?

भार्गवी : अंधुक. तीन-चार तास सगळं धूसर दिसेल आणि ऊन सहन होणार नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

वसुमती : बाहेर बस, ऑटो, हातगाड्या, आणि हा माणूस बिनचष्म्याचा. थांब, मॅनेजरला सांगून निघते. राजाजीनगरहून मेट्रो धरते, मार्केट स्टेशनला उतरते. तोवर तू शोध. फोन मात्र ठेवू नको. कानाला लावूनच चाल.

भार्गवी : पोलिसांत सांगायचं का?

वसुमती : वॉचमनला सांग, त्याने चौकीवर कळवावं. त्याला कन्नड येतं, तुझ्यापेक्षा तो नीट सांगेल. पांढरा सदरा, पंचा, काळी टोपी म्हणून सांग. भीमाचार्य नाव सांग. तू सुम्ने, उगाच तिथे उभी राहू नको. कुठल्या बाजूला आहेस?

भार्गवी : सांगितलं त्याला. मी गेटच्या डावीकडे वळले. कॅमेऱ्यात तेवढंच दिसलं की डावीकडे गेले. पुढे चौक आहे. फुलवाल्या बसल्यात.

वसुमती : त्यांना विचार. स्वल्प मोठ्याने विचार, गाड्यांच्या आवाजात ऐकू येणार नाही त्यांना.

भार्गवी : विचारलं. एकजण म्हणते की एक आजोबा चाचपडत गेले, तिने हाक मारली पण ते थांबले नाहीत. पुढे दोन रस्ते आहेत. एक मार्केटकडे, एक आत गल्लीत.

वसुमती : सावली कुठल्या रस्त्यावर आहे?

भार्गवी : गल्लीत.

वसुमती : मग गल्ली धर. ते सावलीनेच जातात. मागच्या वेळीही उन्हातून एक पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी, भिंतीला धरून धरून यशवंतपूरपर्यंत गेले होते.

भार्गवी : मागच्या वेळी म्हणजे?

वसुमती : चाल तू. थांबू नको.

भार्गवी : अक्का, मी चालतेय. मागच्या वेळी म्हणजे कधी?

वसुमती : दिवाळीच्या आधी. पेपर आणायला म्हणून खाली उतरले ते संध्याकाळी पोलिसांनी आणून सोडले. घराचा पत्ता सांगता आला नाही त्यांना. तेहेतीस वर्षं ज्या घरात राहिले त्या घराचा.

भार्गवी : डॉक्टरांना दाखवलं होतं?

वसुमती : दाखवलं की. विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे म्हणून सांगितलं. गोळ्या चालू आहेत. दिवसभर ठीक असतात. तू पाहिलंस ना, सहा वेळा घेऊन गेलीस त्यांना, कधी काही वाटलं तुला?

भार्गवी : नाही. तेच. मला काहीच वाटलं नाही. आणि पहिल्या दिवशी तुम्ही भरून दिलेल्या फॉर्ममध्ये हा प्रश्न होता, अक्का. स्मरणशक्तीची काही तक्रार आहे का.

वसुमती : होता.

भार्गवी : तुम्ही नाही लिहिलंत.

वसुमती : लिहिलं नाही. तुझ्या आधी दोन बायका ठेवल्या होत्या. पहिलीला खरं सांगितलं, ती आठ दिवसांत गेली. दुसरी ऐकूनच नको म्हणाली. मला ऑफिस आहे गं. महिन्यातून चार रजा मागितल्या की मॅनेजरचं तोंड बघायचं. तुला सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस त्यांना?

भार्गवी : माहीत नाही.

वसुमती : बघ.

भार्गवी : घेतलं असतं कदाचित. पण बाकावर एकटं सोडलं नसतं.

वसुमती : पाच मिनिटांसाठीही नसतं सोडलंस?

भार्गवी : पाच नव्हती ती, अक्का. सोळा मिनिटं होती. आणि मी पाणी आणायला गेले नव्हते. बाटली भरलेली आहे, माझ्याच बॅगेत आहे.

वसुमती : मग?

भार्गवी : फोन आला होता. एचएसआर लेआउटमधली एक सोसायटी आहे. तिथल्या बेचाळीस घरांत म्हातारी माणसं एकटी राहतात. मुलं बाहेरदेशी. त्या सगळ्यांना दवाखान्यात न्यायचं काम मला द्यायचं चाललंय. तीन महिने मी त्या फोनची वाट बघत होते. आत आवाज होता, म्हणून जिन्यात जाऊन बोलले.

वसुमती : बेचाळीस.

भार्गवी : हो.

वसुमती : आज तुझ्याकडे किती होते? एकच ना?

भार्गवी : एकच.

वसुमती : काही बोलू नको आता. मी मेट्रोत आहे, लोक बघताहेत. मला रडायचं नाही. बघत जा तू दोन्ही बाजूंना. दुकानांच्या आत बघ, पायऱ्यांवर बघ, देवळात बघ.

भार्गवी : बघतेय. अक्का, पुढे रस्ता खणलाय. पाइप टाकताहेत. मोठा खड्डा आहे, कठडा वगैरे काही नाही.

वसुमती : वाकून बघ.

भार्गवी : मला भीती वाटते.

वसुमती : बघ गं, बाई. मी इथून बघू का?

भार्गवी : नाहीत. पाणी साचलंय फक्त. कामगारांनाही विचारलं. त्यांना हिंदी येतं. इकडून कुणी म्हातारा गेला नाही म्हणतात.

वसुमती : मग खड्ड्याच्या अलीकडेच कुठेतरी आहेत. मागे फिर. ऐक, मॅजेस्टिकच्या आधीच गाडी जमिनीखाली जाते, फोन तुटेल. दिसले तर मागून हाक मारू नको. दचकतात. समोर जा, अंतर ठेवून बस आणि मग बोल. हात धरून ओढू तर मुळीच नको. त्या दिवशी पोलिसाने ओढलं तर त्याला चावले होते. माझे वडील, जन्मात कुणाला अरे म्हणाले नाहीत.

भार्गवी : अक्का, डाव्या हाताला एक छापखाना आहे. त्याच्या पायरीवर कुणीतरी डोळे मिटून... काळी टोपी आहे. अक्का? हॅलो?

(फोन तुटला आहे. छापखान्याच्या खालच्या पायरीशी भार्गवी. वरच्या पायरीवर भीमाचार्य, डोळ्यांवर पंच्याचं टोक धरून.)

भार्गवी : अण्णा, मी इथे समोर बसू का?

भीमाचार्य : पायरी माझी नाही. बसा.

भार्गवी : मी भार्गवी.

भीमाचार्य : असाल.

भार्गवी : सकाळी आपण बरोबर आलो, अण्णा. ऑटोतून. तुम्ही मला राजाजीनगरच्या मोजणीची गोष्ट सांगत होता. सर्व्हे खात्यात असताना तिथे शेतं होती आणि तुम्ही तंबूत राहायचा.

भीमाचार्य : ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला कुणी सांगितली?

भार्गवी : तुम्हीच. सकाळी तुम्ही मला अगं म्हणत होता.

भीमाचार्य : अनोळखी बाईमाणसाला मी अगं कसा म्हणेन?

भार्गवी : बरं. तहान लागलीय का? पाणी आहे माझ्याकडे. तुमच्या घरचं आहे.

भीमाचार्य : नको. माझ्या घरचं पाणी तुमच्याकडे कसं? तुमचा चेहरा दाखवा. जवळ येऊ नका, तिथूनच दाखवा. नाही, काही दिसत नाही. आज सकाळपासून काहीतरी झालं आहे. माणसांना तोंडं नाहीत. सगळं ताकात बुडवल्यासारखं दिसतं.

भार्गवी : ते थेंबांमुळे आहे. संध्याकाळपर्यंत जाईल. सगळ्यांनाच तसं होतं.

भीमाचार्य : थेंब. हो. एका बाईने माझ्या डोळ्यांत काहीतरी घातलं. दुसरी होती तिने माझा चष्मा काढून घेतला. फोनही घेतला. मग दोघी निघून गेल्या. मी बसून राहिलो. म्हटलं येतील. कुणी आलं नाही.

भार्गवी : दुसरी मीच होते, अण्णा.

भीमाचार्य : तुम्ही?

भार्गवी : चष्मा आणि फोन माझ्याकडे आहे. चोरले नाहीत. तुम्हीच सांभाळायला दिले होते. हे बघा, दोन्ही इथे मधल्या पायरीवर ठेवते. मी मागे सरकते. घ्या तुम्ही.

भीमाचार्य : मी ओरडेन हं. आत माणसं आहेत. यंत्राचा आवाज येतो आहे.

भार्गवी : ओरडा. त्यांना बोलवा बाहेर. मला बरं वाटेल कुणी आलं तर. मी एकटीच आहे.

भीमाचार्य : फोन माझाच दिसतो. वसूने रबर गुंडाळला होता, तो आहे. याच्यातून वसूला कसं बोलवायचं?

भार्गवी : मी लावून देऊ?

भीमाचार्य : तिथूनच सांगा. हात लावू नका.

भार्गवी : खालच्या बाजूचं मोठं बटण दाबून धरा. हिरवं दिसलं का? बरं, दिसत नसेल. अंगठ्याने चाचपून बघा. हां, तेच. वाजतोय का?

भीमाचार्य : बाई काहीतरी बोलते आहे. कन्नडात. संपर्काच्या बाहेर म्हणते.

भार्गवी : त्या मेट्रोत आहेत, जमिनीखाली. छापखान्याचा मेसेज टाकलाय, येताहेत इथेच. दहा-पंधरा मिनिटांत येतील.

भीमाचार्य : हे तुम्ही म्हणता.

भार्गवी : हो. मीच म्हणते. तुम्ही विश्वास ठेवू नका, चालेल. फक्त इथून उठू नका. पुढे खड्डा आहे.

भीमाचार्य : तुम्ही जा. तुम्हाला कामं असतील.

भार्गवी : माझं काम हेच आहे.

भीमाचार्य : पायरीवर बसण्याचं?

भार्गवी : जवळपास तेच. वयस्कर माणसांना दवाखान्यात घेऊन जायचं. शेजारी बसायचं. डॉक्टर बोलतात ते लिहून घ्यायचं आणि घरच्यांना सांगायचं. आधी मी कॉम्प्युटरच्या कंपनीत होते, एचएसआरला. दीड वर्षापूर्वी सोडलं.

भीमाचार्य : का सोडलंत? चांगली नोकरी असेल.

भार्गवी : चांगली होती. माझे बाबा पुण्यात असतात. ते एकटेच तपासणीला गेले होते. संध्याकाळी मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. ते म्हणाले, ठीक आहे म्हणाले. नंतर कळलं, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं. विचारायची लाज वाटली म्हणून मान हलवून घरी आले. अडीच महिने चुकीची गोळी घेत होते.

भीमाचार्य : मग?

भार्गवी : मग वाचले. पण मला रोज तेच दिसायचं, बाबा मान हलवताहेत. मी मीटिंगमध्ये असायचे आणि मला तेच दिसायचं. म्हटलं, असं कुणीतरी पाहिजे की जे शेजारी बसेल. मग नोकरी सोडली आणि स्वतःच बसायला लागले. मथुराबाई म्हणून पहिल्या होत्या, बसवनगुडीच्या. आता सतरा जण आहेत.

भीमाचार्य : मदतीला कोण आहे तुमच्या?

भार्गवी : कुणी नाही.

भीमाचार्य : तुम्हाला ताप आला तर?

भार्गवी : गोळी घेऊन जाते.

भीमाचार्य : दोन म्हातारे एकाच वेळी आजारी पडले तर?

भार्गवी : अण्णा, हे सगळे प्रश्न मला पहाटे चारला पडतात. दिवसा मी ते वहीत लिहिते आणि वही मिटते. पुढच्या पानावर नवीन काहीतरी लिहिते. घरी जाऊन औषधं लावून द्यायची, संध्याकाळी फिरायला न्यायचं, दुसऱ्या शहरात सुरू करायचं. ते लिहिताना फार बरं वाटतं. सकाळी पहिला फोन वाजला की मात्र एकच विचार येतो. कुणी पडलं का, कुणी हरवलं का. दीड वर्ष रोज तीच भीती. आणि आज तेच झालं.

भीमाचार्य : कोण हरवलं?

भार्गवी : माझ्याबरोबर आलेले एक गृहस्थ. मी त्यांना बाकावर बसवून फोनवर बोलत राहिले.

भीमाचार्य : सापडले का ते?

भार्गवी : सापडले. पण ते मला ओळखत नाहीत.

भीमाचार्य : पाप, बिचारे. राग आला असेल त्यांना.

भार्गवी : घाबरलेत ते.

भीमाचार्य : घाबरणारच. तुम्हाला सांगतो, वसूला सांगू नका. ती आधीच फार काळजी करते. रोज सकाळी जाग आली की मी आधी डोळे उघडत नाही. पडल्या पडल्या आठवतो, खिडकी कुठल्या बाजूला, दार कुठल्या बाजूला, संडास कुठे. सगळं जुळलं तरच उघडतो. कधी कधी जुळत नाही. मग तसाच पडून राहतो. वसू म्हणते, अण्णा अलीकडे फार झोपतात.

भार्गवी : त्यांना खरंच माहीत नाही हे?

भीमाचार्य : बायकोला कळलं असतं. ती गेली. तुमच्या वडिलांना आता कोण नेतं दवाखान्यात?

भार्गवी : कुणी नाही. ते एकटेच जातात.

भीमाचार्य : आणि तुम्ही इथे.

भार्गवी : हो. मी इथे.

भीमाचार्य : पाणी द्या थोडं. बाटली पायरीवर ठेवा, मी घेतो.

(गल्लीतून वसुमती येते.)

वसुमती : अण्णा.

भीमाचार्य : वसू? आवाज तुझा आहे. इकडे ये. हात दे. इतका वेळ कुठे होतीस? ऑफिस सुटलं का?

वसुमती : सुटलं, अण्णा. कुठे लागलंय का? पाय दाखवा. गुडघा? काही नाही ना?

भीमाचार्य : काही नाही. सावलीत बसलो होतो. या बाई सोबतीला होत्या. त्यांनी माझा फोन परत आणून दिला.

वसुमती : हो का?

भीमाचार्य : भल्या वाटतात. त्यांच्या वडिलांचं ऐकून घे, फार वाईट वाटलं मला.

वसुमती : ऐकते. तुम्ही पाणी प्या. भार्गवी, दोन पावलं इकडे ये. त्यांच्यावर नजर ठेवूनच बोलू.

भार्गवी : अक्का, तुम्ही काय बोलायचं ते बोला.

वसुमती : येताना गाडीत सगळं ठरवून आले होते. आधी काय म्हणायचं, मग काय म्हणायचं. आता त्यातलं एकही आठवत नाही.

भार्गवी : आठवेल तसं बोला.

वसुमती : तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. त्या खड्ड्यात वाक म्हणून मी तुला सांगितलं. आयुष्यात कुणाला असं काही सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

भार्गवी : माफ करा असं मी म्हणतही नाही.

वसुमती : आणि त्या फॉर्मचंही विसरता येणार नाही मला. मी तिथे नाही म्हणून लिहिलं तेव्हा हात अडखळला होता. तरी लिहिलं. तू हसऱ्या चेहऱ्याची होतीस, वाटलं, ही टिकेल.

भार्गवी : मीही तुम्हाला फार खोदून विचारलं नाही. अण्णा एकदा ऑटोत तीच गोष्ट तीनदा सांगत होते. मला कळायला हवं होतं. पण विचारलं आणि तुम्ही काम काढून घेतलं तर, असं वाटलं. सतराचे सोळा होतील.

वसुमती : तुझा फोन वाजतोय.

भार्गवी : प्रणीत आहे. त्या सोसायटीचा. दुपारपर्यंत होकार कळवते म्हणाले होते. वाजू दे.

वसुमती : घे. मी अण्णांजवळ उभी आहे.

भार्गवी : हॅलो, हो प्रणीत. हो, सकाळचं बोलणं लक्षात आहे. त्याआधी मला एक सांगायचंय. आज माझ्याबरोबरचे एक आजोबा हॉस्पिटलमधून निघून गेले. पाऊण तास सापडत नव्हते. नाही, सुखरूप आहेत, समोरच आहेत. चूक माझी होती, मी त्यांना सोडून तुमच्याशीच बोलत होते. हो. नाही, तुम्हाला दुसरीकडून कळलं नसतं, तरी सांगतेय. मी बेचाळीस घरं घेऊ शकत नाही. एका दिवसाला एकच माणूस, तेवढंच मला एकटीला जमतं. आधी माणसं शोधीन, शिकवीन, त्याला सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. तोवर तुमच्याकडची चार-पाच घरं घेऊ शकते. बरं. बरं, विचारा कमिटीला. ठेवते.

वसुमती : काय म्हणाला?

भार्गवी : कमिटीला विचारून सांगतो म्हणाला. विचारणार नाही. आवाजावरून कळतं.

वसुमती : तीन महिने वाट बघत होतीस ना?

भार्गवी : हो.

वसुमती : सांगायची काय गरज होती? मी काही त्याला सांगायला जाणार नव्हते.

भार्गवी : उद्या तिथेही कुणीतरी बाकावरून उठून गेलं असतं, अक्का. मला आता दुसरं काही दिसत नाहीये.

वसुमती : आता काय करणार?

भार्गवी : आज रात्री सतरा घरी फोन करायचे. सगळ्यांना फॉर्म परत भरायला सांगायचा आणि आज काय झालं तेही सांगायचं. काही जण सोडतील. मग बघू किती राहतात.

वसुमती : भीती नाही वाटत?

भार्गवी : वाटते. तरी फोन करणार.

भीमाचार्य : वसू, डॉक्टर वाट बघत असतील का गं? डोळे तपासायचे होते ना माझे?

वसुमती : आठवलं तुम्हाला?

भीमाचार्य : न आठवायला काय झालं? गुरुवारी ऑपरेशन आहे. आज पडदा बघणार होते. ही भार्गवी मला बाकावर बसवून कुठे गेली कुणास ठाऊक.

भार्गवी : इथेच आहे, अण्णा.

भीमाचार्य : इथे काय करते आहेस? ऊन लागेल. चल, नंबर जाईल आपला.

वसुमती : बघ, आता ओळखलं. उद्या सकाळी विचारलं तर आजचं यातलं काही आठवणार नाही त्यांना. आपल्यालाच आठवत राहणार.

भार्गवी : अक्का, गुरुवारी तुम्ही दुसरं कुणी बघितलंत तरी मला चालेल. मी फाइल, गोळ्यांची यादी, डॉक्टरांचं सगळं लिहून पाठवते. नीट पाठवते.

वसुमती : गुरुवारचं मला आत्ता विचारू नको. घरी जाऊन शांत डोक्याने ठरवते. मी येईन हे नक्की. तुला बोलवीन की नाही ते उद्या सांगते.

भार्गवी : सरी.

भीमाचार्य : निघायचं का? पायरी दिसत नाही मला. खाली किती आहेत?

वसुमती : दोन आहेत. थांबा, मी उजवीकडून धरते. भार्गवी, बघत काय उभी राहिलीस, डावा हात मोकळा आहे त्यांचा. धर. रस्ता ओलांडायचाय.